फिजिओथेरपिस्ट चुकीचं वागला तर तक्रार कुठं करायची? नोंदणी, गैरवर्तन आणि कारवाई यांची सगळी माहिती

गुडघ्याचं ऑपरेशन झालं, लकवा मारला, मणक्यात गॅप निघाला किंवा गाडीवरून पडून हात मोडला, की मोठ्या दवाखान्याच्या चिठ्ठीवर शेवटची ओळ ठरलेली असते : फिजिओथेरपी करून घ्या. मग तालुक्याच्या गावाला खेटे सुरू होतात. कुणाचे दहा दिवस, कुणाचे सहा महिने. शेतातली कामं सोडून घरातलं एक माणूस रोज सोबत जातं. जाण्यायेण्याचं भाडं वेगळं, फी वेगळी.

या उपचारात पेशंट पडद्याआड एकटा असतो. अंगावरचा कपडा बाजूला केलेला असतो आणि दुखरा हात किंवा पाय दुसऱ्याच्या हातात असतो. एवढा विश्वास टाकायचा तर समोरचा माणूस शिकलेला आणि कुणाला तरी उत्तर देणारा असला पाहिजे. म्हणून या व्यवसायाला कायद्यानं नोंदणी लावली आहे. नोंदणी असलेला माणूस चुकीचं वागला तर त्याची चौकशी होते आणि त्याचं नाव नोंदणीतून काढताही येतं.

पण यात एक मेख आहे. परिषद फक्त नोंदणीत नाव असलेल्या माणसालाच शिस्त लावू शकते. ज्याची नोंदणीच नाही त्याचं परिषद काढून काय घेणार? त्याच्यासाठी वाट वेगळी आहे. त्यामुळे तक्रार करायच्या आधी, खरं तर उपचार सुरू करायच्या आधीच, नोंदणी आहे की नाही हे पाहायला हवं.

फिजिओथेरपिस्ट म्हणजे नेमकं कोण?

व्यायाम, सांधे मोकळे करणं, शेक, करंटची मशीन अशा साधनांनी हालचाल परत आणणारा आणि दुखणं कमी करणारा प्रशिक्षित माणूस म्हणजे फिजिओथेरपिस्ट. मराठी कायद्यात याला भौतिकोपचार म्हणतात. पदवीचं नाव बीपीटी, म्हणजे बॅचलर ऑफ फिजिओथेरपी. त्यापुढं एमपीटी. महाराष्ट्रातली बहुतेक फिजिओथेरपी कॉलेजं नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाला जोडलेली आहेत. आजवर हा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा होता : चार वर्षं शिक्षण आणि सहा महिने इंटर्नशिप. २०२५ मध्ये आलेल्या केंद्रीय अभ्यासक्रमात तो पाच वर्षांचा केला आहे.

मालिश करणारे, हाडं बसवणारे, ॲक्युप्रेशरवाले, जिम ट्रेनर, दोन-तीन महिन्यांचा कोर्स केलेले मशीन ऑपरेटर हे फिजिओथेरपिस्ट नाहीत. त्यांच्यातले काही हाताला चांगले असतीलही. पण बोर्डावर ‘फिजिओथेरपी सेंटर’ लिहायचं असेल तर पदवी आणि नोंदणी दोन्ही लागतात.

नावापुढं ‘डॉ.’ असावं की नाही यावर वाद चालू आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं फिजिओथेरपिस्टनी ‘डॉ.’ लावू नये असं पत्र काढलं आणि लगेच ते मागंही घेतलं. पेशंटनं या वादात पडायचं कारण नाही. ‘डॉ.’ आहे का यापेक्षा नोंदणी नंबर आहे का ते पाहा.

नोंदणी कोण करतं?

भारतात फिजिओथेरपीचं शिक्षण १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत सुरू झालं. पोलिओच्या साथीनंतर लुळ्या पडलेल्या मुलांना उभं करायला शिकलेली माणसं हवी होती, म्हणून केईएम रुग्णालयात ही शाळा निघाली. त्यानंतर जवळपास पन्नास वर्षं राज्यात या व्यवसायाला स्वतःचा कायदा नव्हता. तो ‘महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषद अधिनियम, २००२’ या नावानं झाला. या कायद्याखाली जी परिषद बनली तिचं कार्यालय मुंबईत आहे. फिजिओथेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट, दोघांची नोंदणी हीच परिषद करते. नोंदणीवही ठेवणं आणि चुकीचं वागणाऱ्यांची चौकशी करणं हे तिचंच काम.

२०२१ मध्ये केंद्र सरकारनं ‘राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग’ कायदा केला. या कायद्यात फिजिओथेरपिस्टची व्याख्या दिली आहे. किमान पात्रता पदवी, आणि तो स्वतंत्रपणे किंवा इतर डॉक्टरांच्या बरोबरीनं काम करू शकतो, असं त्यात म्हटलं आहे. प्रत्येक राज्यात एक परिषद आणि तिच्याखाली नीतिमत्ता व नोंदणीसाठी वेगळं मंडळ असावं, अशी तरतूदही आहे. नोंदणी नसताना हा व्यवसाय करणं आणि नोंदणी असल्याचं खोटं सांगणं हे या कायद्याखाली गुन्हे आहेत.

दोन कायदे बघून गोंधळून जाऊ नका. सेंटरमधल्या प्रमाणपत्रावर ज्या परिषदेचं नाव आणि नंबर आहे, तक्रार त्या परिषदेकडं करायची.

आणखी एक गोष्ट. इंडियन असोसिएशन ऑफ फिजिओथेरपिस्ट्स ही १९५५ पासूनची संघटना आहे. अशा संघटनेचं सभासदत्व म्हणजे नोंदणी नव्हे. भिंतीवर परिसंवादाची, कार्यशाळेची, संघटनेची पाच सर्टिफिकेटं लावलेली असतील, तरी परिषदेचं एक प्रमाणपत्र शोधा.

नोंदणी कशी तपासायची?

१) सेंटरमध्ये परिषदेचं नोंदणी प्रमाणपत्र दिसेल असं लावलंय का ते पाहा. नसेल तर सरळ विचारा, “तुमचा रजिस्ट्रेशन नंबर काय?” खरा फिजिओथेरपिस्ट या प्रश्नानं चिडत नाही.

२) प्रमाणपत्रावरचं नाव आणि समोर उपचार करणारा माणूस एकच आहे का? बोर्ड एकाच्या नावाचा आणि हात लावणारा दुसराच, असा प्रकार असतो.

३) नोंदणीची मुदत संपलेली नाही ना? नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं. तारीख वाचा.

४) नंबर आणि नाव परिषदेच्या अधिकृत वेबसाइटवर शोधा. सापडलं नाही तर परिषदेला ई-मेल किंवा पत्र पाठवून विचारा.

५) प्रमाणपत्राचा फोटो काढता आला तर काढून ठेवा. नाही तर निदान नंबर वहीत उतरवा.

गैरवर्तन कशाला म्हणतात?

गैरवर्तन म्हणजे नुसतं रागावून बोलणं नव्हे. व्यवसायाच्या नियमांना आणि पेशंटच्या विश्वासाला धक्का देणारं वागणं म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन. ग्रामीण भागात पुढचे प्रकार ओळखता आले पाहिजेत.

सर्टिफिकेट भाड्यानं देणं. पदवीवाला शहरात राहतो आणि गावात त्याच्या नावावर दुसराच माणूस सेंटर चालवतो. महिन्याला ठरलेली रक्कम पोचती होते. यात नोंदणी असलेला माणूसही तेवढाच दोषी. उद्या पेशंटला इजा झाली तर ‘मी तिथं नव्हतो’ हे उत्तर चालत नाही.

हद्दीबाहेरचा उपचार. फिजिओथेरपिस्टनं इंजेक्शन देणं, सलाईन लावणं, दुखण्याच्या किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या लिहून देणं हे त्याच्या शिक्षणात बसत नाही. ‘गुडघ्यात एक सुई देतो, लगेच पळाल’ असं कुणी म्हणालं तर तिथून उठा. एका पॅथीचं शिक्षण असताना दुसऱ्या पॅथीची औषधं देणाऱ्याला सुप्रीम कोर्टानं १९९६ च्या पूनम वर्मा खटल्यात भोंदू ठरवलं होतं. तो खटला होमिओपॅथी डॉक्टरनं ॲलोपॅथीची औषधं दिल्याचा होता. जे शिकलेलं नाही ते करायचं नाही, हे तत्त्व इथंही लागू पडतं.

मशीनला जोडून निघून जाणं. पेशंटला करंट किंवा शेक लावला आणि फिजिओ बाहेर चहाला गेला, मशीन सांभाळायला झाडलोट करणारा मुलगा. यातून खरी इजा होते. साखरेच्या पेशंटच्या पायाला बधिरपणा असतो. गरम पॅड जास्त वेळ राहिलं तरी त्याला चटका कळत नाही, आणि त्या फोडाची जखम महिनोन्‌महिने भरत नाही. छातीत पेसमेकर असलेल्याला करंटची मशीन धोक्याची. हाडात प्लेट किंवा सळई असेल तर काही प्रकारचा खोल शेक द्यायचा नसतो. गर्भवतीच्या पोटाकमरेवर बऱ्याच मशीन लावायच्या नसतात. उपचाराआधी हे प्रश्न न विचारणं हाच निष्काळजीपणा.

धोक्याची खूण ओळखूनही दवाखान्यात न पाठवणं. कंबरदुखीबरोबर लघवी-संडासवरचा ताबा गेला, पाय एकाएकी लुळा पडला, पोटरी सुजून लाल आणि गरम झाली, दुखण्याबरोबर ताप आणि वजन घटणं सुरू झालं, तर मालिश-व्यायाम थांबवून पेशंटला तातडीनं डॉक्टरकडं पाठवावं लागतं. पॅकेजचे दिवस भरायचे राहिलेत म्हणून पेशंटला अडकवून ठेवणं हे गैरवर्तनच. लघवीचा ताबा गेलेल्या कंबरदुखीत थोडा उशीरही आयुष्यभराचं अपंगत्व देऊ शकतो.

स्पर्शाची मर्यादा ओलांडणं. या व्यवसायात हात लावावाच लागतो, आणि त्याचाच कुणी गैरफायदा घेऊ शकतो. कुठला भाग तपासणार, का तपासणार, कपडा किती बाजूला करावा लागेल, हे आधी सांगून होकार घ्यायचा असतो. मानेच्या दुखण्यासाठी छातीला हात कशाला, असा प्रश्न पडला तर तो विचारायचा हक्क पेशंटला आहे. पुरुषानं बाईला तपासताना दुसरी बाई हजर असावी, हा पेशंटच्या हक्कांमधला मान्य नियम आहे. घरातली बाई सोबत बसणार असेल तर तिला बाहेर काढता येत नाही. पेशंटशी शरीरसंबंधांची मागणी करणं, रात्री-बेरात्री घाणेरडे मेसेज पाठवणं हे तर उघड गैरवर्तन आहे.

खोटी बिलं. दहा दिवसच उपचार झाले आणि बिल वीस दिवसांचं. विम्याच्या किंवा अपघाताच्या क्लेमसाठी न झालेल्या उपचाराचे कागद बनवून देणं. पेशंटला यात दोन पैसे मिळाले तरी तोही खोट्या कागदात सापडतो हे ध्यानात घ्या.

कट प्रॅक्टिस. पेशंट पाठवल्याबद्दल पैसे देणं-घेणं. मग गरज नसताना फिजिओथेरपी लिहिली जाते आणि तो कटचा पैसा शेवटी पेशंटच्याच खिशातून जातो. सिद्ध करायला अवघड, पण तक्रारीला जागा आहे.

गॅरंटीची जाहिरात. ‘१०० टक्के खात्री’, ‘ऑपरेशन विसरा’, ‘लकवा २१ दिवसांत गायब’. प्रामाणिक फिजिओथेरपिस्ट अशी हमी देत नाही, कारण ती देताच येत नाही.

पेशंटचे व्हिडिओ टाकणं. मान मोडल्याचा ‘कट’ आवाज, रडणारी बाई, लंगडणारे आजोबा यांचे रील आज मोबाइलवर भरपूर दिसतात. पेशंटचा चेहरा, आजार, रिपोर्ट त्याच्या परवानगीशिवाय दाखवणं हा गुप्ततेचा भंग आहे. फी भरताना घाईत घेतलेल्या सहीचा अर्थ ‘व्हिडिओ टाका’ असा होत नाही.

दारू पिऊन उपचार करणं, जात-धर्म किंवा आजार पाहून पेशंटला हाकलणं, उपचाराचे कागद मागूनही न देणं याही तक्रारीच्या गोष्टी आहेत.

काय गैरवर्तन नाही?

तक्रार टिकायची असेल तर हेही समजून घ्यायला हवं. व्यायामानंतर एक-दोन दिवस अंग दुखणं ही चूक नाही. ऑपरेशननंतर गुडघा वाकवताना डोळ्यात पाणी येतं, पण तो वेळेत वाकवला नाही तर सांधा धरतो. लकव्याच्या प्रत्येक पेशंटचा हात पूर्ववत होत नाही, आणि होत नाही म्हणून फिजिओ नालायक ठरत नाही. फी जास्त वाटली पण ती आधी सांगितली होती, तर तो भावाचा प्रश्न. घरी करायला सांगितलेला व्यायाम पेशंटनं केलाच नाही, तर दोष कुणाचा?

वाईट निकाल, निष्काळजीपणा आणि गैरवर्तन या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. उपचार योग्य असूनही गुण आला नाही, तर त्यात कुणाचा गुन्हा नाही. घ्यायची ती काळजी न घेतल्यानं इजा झाली, तर तो निष्काळजीपणा. नियम मोडला, फसवलं किंवा विश्वासाचा गैरफायदा घेतला, तर ते गैरवर्तन, मग पेशंटला इजा झालेली असो वा नसो.

परिषदेकडं तक्रार गेल्यावर काय होतं?

परिषद आधी तक्रार तिच्या अखत्यारीतली आहे का ते पाहते. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला नोटीस पाठवून खुलासा मागवला जातो. मग कागदपत्रं पाहून चौकशी होते आणि दोन्ही बाजूंना म्हणणं मांडायची संधी मिळते. आरोप झाला म्हणून लगेच नाव काढलं जात नाही, आणि ते बरोबरच आहे. खोट्या तक्रारीनं कुणाचं पोट मारलं जाऊ नये.

दोष सिद्ध झाला तर प्रकार किती गंभीर आहे त्यावर कारवाई ठरते. साध्या चुकीला ताकीद. त्यापुढं ठरावीक काळासाठी नाव नोंदणीतून काढणं. सगळ्यात मोठी शिक्षा म्हणजे नाव कायमचं काढणं. निर्णय मान्य नसेल तर अपिलाची वाट असते. निकालाचा कागद हातात आला की त्यावरची तारीख पाहून लगेच हालचाल करा.

परिषद दोन गोष्टी करू शकत नाही. ती पेशंटला नुकसानभरपाई देत नाही आणि कुणाला तुरुंगात पाठवत नाही. त्यासाठी ग्राहक आयोग आणि पोलीस आहेत. एकाच घटनेसाठी तिन्हीकडं जाता येतं. एकीकडं तक्रार केली म्हणून दुसरी वाट बंद होत नाही.

इंग्लंडमध्ये फिजिओथेरपिस्टवर देखरेख करणाऱ्या संस्थेकडं शिक्षेच्या अशाच चार पायऱ्या आहेत : ताकीद, अटींवर काम, जास्तीत जास्त एक वर्ष निलंबन आणि नाव काढून टाकणं. नाव काढलेल्याला पाच वर्षं परत अर्ज करता येत नाही. कुणावर काय कारवाई झाली ते लोकांना नेटवर वाचता येतं. महाराष्ट्रातून शिकून गेलेली बरीच मुलं-मुली तिकडं काम करतात. परदेशात नोकरी मागताना इथल्या परिषदेकडून वर्तणूक चांगली असल्याचा दाखला लागतो. म्हणजे इथल्या तक्रारीचं वजन तालुक्यापुरतं राहत नाही.

नोंदणीच नसेल तर?

समजा, परिषदेनं कळवलं की असं नाव आमच्याकडं नाही. मग हा शिस्तीचा विषय राहिला नाही, तो बोगसपणाचा झाला. तक्रार तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडं लेखी द्या आणि एक प्रत जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याला पाठवा. बोगस डॉक्टरांचा शोध घेण्यासाठी जिल्हा आणि तालुका पातळीवर समित्या असतात. शहरी भागात हे काम नगरपालिका-महापालिकेचा आरोग्य विभाग पाहतो. परिषदेनं दिलेलं ‘नोंद आढळत नाही’ असं उत्तर असेल तर तो सगळ्यात पक्का पुरावा.

असा माणूस इंजेक्शनं किंवा ॲलोपॅथीची औषधं देत असेल तर महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१ च्या कलम ३३ खाली गुन्हा होतो. खोटी पदवी दाखवून पैसे घेतले असतील तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीचा गुन्हाही होऊ शकतो.

पोलिसांत कधी जायचं?

अंगाला नको तिथं हात लावणं, कपडे काढायला भाग पाडणं, चोरून व्हिडिओ काढणं या प्रकारांत परिषदेच्या उत्तराची वाट पाहत बसू नका. विनयभंगासाठी कलम ७४, लैंगिक छळासाठी कलम ७५, चोरून पाहणं किंवा चित्रण करणं यासाठी कलम ७७ आहे. कलम ७४ मध्ये एक ते पाच वर्षं कैद होऊ शकते. अशा गुन्ह्यात बाईची फिर्याद महिला पोलिसानं लिहून घ्यायची असते. घटना दुसऱ्या हद्दीत घडली तरी जवळच्या ठाण्यात झिरो एफआयआर नोंदवता येतो.

पेशंट अठरा वर्षांखालचा असेल, मुलगा असो की मुलगी, तर पोक्सो कायदा लागतो. यात ज्याला कळलं त्यानं कळवणं बंधनकारक आहे. चार माणसं बसवून, माफी मागायला लावून हे प्रकरण मिटवता येत नाही.

निष्काळजीपणाच्या गुन्ह्याचं मात्र वेगळं आहे. सुप्रीम कोर्टानं २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालात सांगितलं की वैद्यकीय कामातला साधा दोष गुन्हा होत नाही, निष्काळजीपणा ढोबळ असावा लागतो. आणि पोलिसांनी कारवाईआधी त्या विषयातल्या जाणकाराचं मत घ्यावं. त्यामुळे भाजलं, हाड मोडलं अशा प्रकारात लगेच दुसऱ्या दवाखान्यात, शक्यतो सरकारी, तपासणी करून कागद करून घ्या.

भरपाई हवी असेल तर

पैसे देऊन घेतलेला उपचार ग्राहक कायद्यात येतो. हे सुप्रीम कोर्टानं १९९५ च्या व्ही. पी. शांता खटल्यात ठरवलं. आज ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ लागू आहे. उपचारासाठी दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर दावा जिल्हा ग्राहक आयोगात चालतो. ही रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर दाव्याला फी नाही. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही दावा करता येतो, वकील लावलाच पाहिजे असं नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत दावा दाखल करावा लागतो.

इथं पावतीला किंमत आहे. रोज दोनशे-तीनशे रुपये हातात देऊन पावती न घेणाऱ्याला आयोगापुढं ‘मी ग्राहक होतो’ हेच आधी सिद्ध करावं लागतं. फोन-पे किंवा गुगल-पेनं दिलेल्या पैशांची नोंद राहते. रोख दिले तर पावती मागाच.

सरकारी दवाखान्यातला अनुभव असेल तर

जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपी विभाग असतो. तिथल्याच जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात लहान मुलांना ही सेवा मिळते. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. त्यामुळे तिथं कुणी उपचाराचे पैसे मागितले तर तीच पहिली तक्रार. ती जिल्हा शल्य चिकित्सकांकडं, म्हणजे सिव्हिल सर्जनकडं द्यायची. लाच मागितली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे. सगळ्यांनाच मोफत असलेली सेवा ग्राहक आयोगाच्या कक्षेत येत नाही, पण परिषदेकडं जायची वाट खुली राहते. फिजिओथेरपिस्ट सरकारी असो की खाजगी, नोंदणी एकाच वहीत असते.

तक्रार अर्ज कसा लिहायचा?

साध्या मराठीत, एका-दोन पानांत लिहा. शिव्या नकोत, ‘सगळेच चोर आहेत’ असली वाक्यं नकोत. पुढच्या क्रमानं लिहिलं तरी पुरे.

१) प्रति, रजिस्ट्रार, आणि परिषदेचं पूर्ण नाव.
२) तक्रारदाराचं नाव, पत्ता, मोबाइल. पेशंट दुसरा असेल तर त्याच्याशी नातं.
३) फिजिओथेरपिस्टचं नाव, नोंदणी नंबर, सेंटरचा पत्ता.
४) उपचार कधी सुरू झाले, कशासाठी, किती दिवस, किती पैसे दिले.
५) नेमकं काय घडलं. तारीख, वेळ, तिथं कोण हजर होतं.
६) त्याचा परिणाम काय झाला. दुसऱ्या डॉक्टरनं काय लिहून दिलं.
७) काय मागणी आहे : चौकशी आणि कारवाई.
८) सोबत जोडलेल्या कागदांची यादी : चिठ्ठी, पावत्या, पैसे दिल्याचे स्क्रीनशॉट, फोटो, मेसेज, साक्षीदाराचा जबाब.
९) तारीख आणि सही किंवा अंगठा.

मूळ कागद पाठवू नका, झेरॉक्स पाठवा. अर्ज स्पीड पोस्टानं पाठवा आणि पोस्टाची पावती अर्जाच्या प्रतीला टाचून ठेवा. हातानं दिला तर प्रतीवर शिक्का-सहीची पोच घ्या. मोबाइलमधले मेसेज डिलीट करू नका. निनावी अर्जावर चौकशी पुढं सरकणं अवघड असतं, म्हणून नाव द्यायची तयारी ठेवा.

अर्ज लिहायला जमत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडं जा. ती बहुतेक तालुका कोर्टातच असते. महिला, मुलं, अपंग, अनुसूचित जाती-जमाती आणि कमी उत्पन्न असलेल्यांना वकील मोफत मिळतो.

लोक तक्रार का करत नाहीत?

कारण तालुक्यात फिजिओथेरपिस्ट एक नाही तर दोन. तक्रार केली आणि उद्या त्यानं हात लावायला नकार दिला तर आजोबांना रोज जिल्ह्याच्या गावाला कसं न्यायचं? शिवाय ओळखीपाळखी, पाव्हणेरावळे मध्ये येतात. बाईच्या बाबतीत तर ‘गावात बोभाटा होईल’ ही भीती मोठी. ही अडचण खरी आहे, ती नाकारून उपयोग नाही.

म्हणून पायरीपायरीनं जा. शंका असेल तर आधी समोरासमोर विचारा, कारण बऱ्याच गोष्टी नीट न समजावल्यामुळे बिघडतात. उत्तर पटलं नाही तर उपचाराचे कागद मागून घ्या आणि दुसऱ्या नोंदणीकृत फिजिओथेरपिस्टचं किंवा हाडाच्या डॉक्टरचं मत घ्या. मग परिषदेला लिहा. पण लैंगिक गैरवर्तन, मोठी इजा आणि बोगस पदवी या तिन्हींत पायऱ्या नाहीत, तिथं सरळ तक्रार.

खेड्यात प्रामाणिकपणे काम करणारे फिजिओथेरपिस्ट आहेत. लकव्याच्या माणसाला काठीवर उभं करणारे आहेत, पैसे नसलेल्याला घरचे व्यायाम लिहून देणारेही आहेत. शेजारच्या गाळ्यात बोगस सेंटर सुरू झालं की सगळ्यात आधी नुकसान त्यांचंच होतं. त्यामुळे नंबर विचारणारा पेशंट त्यांना अडचणीचा वाटत नाही.

हे नंबर मोबाइलमध्ये ठेवा

पोलीस आणि तातडीची मदत : ११२
महिला हेल्पलाइन : १८१
मुलांसाठी चाइल्डलाइन : १०९८
राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन : १९१५
मोफत कायदेशीर मदत : १५१००
लाचलुचपत प्रतिबंधक विभाग : १०६४

उपचाराच्या पहिल्या दिवशी चार गोष्टी करा : परिषदेचं प्रमाणपत्र पाहा, साखर-बीपी-पेसमेकर-प्लेट असेल ते आपणहून सांगा, किती दिवस आणि किती खर्च ते विचारा, पावती घ्या. म्हातारी माणसं किंवा मुली उपचाराला जात असतील तर हे चार प्रश्न सोबत जाणाऱ्यानं विचारायचे आहेत.